औषधांची बिलं आणि माझं बदललेलं मत

आयकरात सवलती कमी असाव्यात आणि दरही कमी असावेत, हे मत मी बरीच वर्षं बाळगलं. नुसतं बाळगलं नाही, तर जिथे संधी मिळाली तिथे मांडलं. मिरजेत कर सल्लागार म्हणून काम करणाऱ्या माणसाला फेब्रुवारी आला की व्यापारी संघटना, महाविद्यालयं, ज्येष्ठ नागरिक संघ अर्थसंकल्पावर बोलायला बोलावतात. तिथे माझा एक ठरलेला मुद्दा असे: प्रत्येक सवलत कुणीतरी खोट्या कागदांवर घेतो आणि तिची किंमत प्रामाणिक माणूस चढ्या दराने मोजतो. गृहकर्ज, विमा, घरभाडं, औषधपाणी, सगळ्यांना मी एकच न्याय लावत असे. औषधपाण्याला तो न्याय आता मी लावत नाही. मोठ्या आजारावर खिशातून झालेला खर्च कर ठरवताना धरला गेलाच पाहिजे, आणि नव्या करप्रणालीतही धरला गेला पाहिजे, असं मी आज मानतो.

जुन्या मताला कारण होतं. नोकरदारांना वर्षाकाठी १५,००० रुपयांपर्यंतची औषधपाण्याची बिलं मालकाकडून भरून मिळत आणि तेवढी रक्कम करमुक्त असे. तरतूद चांगल्या हेतूने आली असेल. पण मार्च महिन्यात तिचं काय होई ते मी टेबलाच्या या बाजूने पाहिलेलं आहे. तिशी-पस्तिशीतली धडधाकट माणसं वर्षाला बरोबर पंधरा हजारांचीच औषधं घेत. बिलांचे क्रमांक एकापाठोपाठ एक, अक्षर एक, पेन एक, तारखा मात्र एप्रिलपासून मार्चपर्यंत पसरलेल्या. साबण, पावडर, लहान मुलांचा खाऊ यांची बिलावर प्रतिजैविकं झालेली. विचारलं तर उत्तर ठरलेलं: “साहेब, सगळेच देतात.”

मिरजेत राहून हे बघणं जास्त टोचायचं. १८९४ साली डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी इथे मिशन हॉस्पिटल काढलं, तेव्हापासून हे दवाखान्यांचं गाव. विजापूर, बेळगावकडून, कोकणातून माणसं येतात, नातेवाईक लॉजवर राहतात, खाणावळीतून रुग्णासाठी पेज बांधून नेतात. जमीन गहाण टाकून आलेल्या त्या माणसांना आयकराचा फॉर्म कसा दिसतो हे ठाऊक नसतं. आणि त्याच गावात ज्यांना काही झालेलं नाही ते औषधांच्या बिलांवर कर वाचवत होते. उपचाराच्या नावाने मिळणाऱ्या सवलतींबद्दल माझ्या मनात जी अढी बसली ती तिथे.

त्यामुळे २०१८ च्या अर्थसंकल्पात अरुण जेटली यांनी ही १५,००० रुपयांची सूट आणि प्रवासभत्त्याची सूट काढून सरसकट ४०,००० रुपयांची प्रमाणित वजावट आणली, तेव्हा मला मनापासून बरं वाटलं. बिलं नकोत, तपासणी नको, खोटेपणाला जागा नको. २००२ साली विजय केळकर यांच्या कार्यगटाने हीच दिशा सांगितली होती: सवलती काढा, दर उतरवा, पाया रुंद करा. माझ्या पिढीतल्या कित्येक करसल्लागारांची विचार करण्याची पद्धत त्या अहवालाने घडवली. २०२० साली नवी करप्रणाली पर्याय म्हणून आली आणि २०२३-२४ पासून तीच आपोआप लागू होणारी प्रणाली झाली. मी तिचं जाहीर स्वागत केलं. आलेल्या प्रत्येकाला मी सांगत असे की वजावटींचा मोह सोडा, दर बघा.

माझ्या व्याख्यानांत एक खटला हमखास येई. ज्येष्ठ विधिज्ञ आणि माजी केंद्रीय कायदामंत्री शांतिभूषण यांनी अमेरिकेत ह्युस्टनला हृदयाची शस्त्रक्रिया करून घेतली आणि १९८३-८४ या करनिर्धारण वर्षाच्या विवरणपत्रात तो पावणेदोन लाखांच्या आसपासचा खर्च व्यवसायाचा खर्च म्हणून दाखवला. युक्तिवाद असा: वकिलाचं काम त्याच्या शरीरावर चालतं, हृदय दुरुस्त झाल्यावर व्यवसायाचं उत्पन्न वाढलं, म्हणून यंत्रसामग्रीच्या दुरुस्तीला जी वजावट मिळते ती या शस्त्रक्रियेलाही मिळावी. दिल्ली उच्च न्यायालयाने २०११ साली हा दावा फेटाळला. हृदय हे व्यवसायाचं यंत्र म्हणायचं तर त्याची खरेदी-किंमत ताळेबंदात असायला हवी, ती नसते. आणि निरोगी हृदय वकिलालाच लागतं असं नाही, प्रत्येक माणसाला लागतं. खर्च वैयक्तिक आहे, व्यवसायाचा नाही.

सभागृहात लोक हसत. मी पुढे म्हणत असे की न्यायालयाने रेषा बरोबर आखली: धंद्याचा खर्च आत, घरचा खर्च बाहेर. त्या निकालाबद्दल कायद्याच्या अंगाने माझं आजही तेच मत आहे. पण निकालाने जो प्रश्न सोडवला त्याच्या शेजारी दुसरा एक प्रश्न उभा आहे आणि तो न्यायालयापुढे नव्हताच. हा खर्च धंद्याचा नाही, हे ठरलं. मग ज्याला तो करावा लागला आणि ज्याला करावा लागला नाही, त्या दोघांची कर देण्याची ऐपत सारखी धरायची का?

हा दुसरा प्रश्न माझ्यापुढे आला तो एका कापडी पिशवीतून. सांगलीच्या मार्केट यार्डात बेदाण्याचं अडत दुकान असलेले एक शेठ वर्षानुवर्षं माझ्याकडे येतात. त्यांच्या पत्नीला पंचेचाळिशीत स्तनाचा कर्करोग निघाला. शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन, मग वर्षभर चालणारं एक महागडं इंजेक्शन. मार्चच्या आगाऊ कराचा हिशेब करायला शेठ आले तेव्हा त्यांनी ती पिशवी टेबलावर ठेवली. आत बिलं आणि एक वही.

वही वहिनींच्या अक्षरातली. दुकानाची रोजकीर्द-खतावणी त्याच लिहितात. माझ्याकडे येणाऱ्या वह्यांत इतकी स्वच्छ वही दुसरी नसते. आजाराचाही त्यांनी तसाच हिशेब ठेवला होता. ‘उपचार खाते’ असं वर लिहिलेलं, डाव्या पानावर पैसे कुठून आले, उजव्या पानावर कुठे गेले. विमा कंपनीकडून तीन लाख. मुदत ठेव मोडली ती रक्कम. पाटल्या मोडल्या त्याचे वजनासकट पैसे. समोरच्या पानावर रुग्णालय, औषधं, तपासण्या, गाडीभाडं. औषधदुकानाची बिलं उष्णतेने छापणाऱ्या कागदावरची. काही महिन्यांत अक्षर पुसट होतं हे त्यांना कुणीतरी सांगितलं असावं, म्हणून प्रत्येक बिलाच्या मागे त्यांनी पेनाने रक्कम पुन्हा लिहून ठेवली होती. तिथेच बारीक अक्षरात नोंदी: तिसरी केमो. पांढऱ्या पेशी कमी. चार इंजेक्शनं जास्तीची.

खात्याची बेरीज दहा लाखांवर गेली होती. विम्याचे तीन वजा जाता सात लाख घरातून गेलेले.

“साहेब, हे कुठं दाखवायचं?” शेठनी विचारलं.

कुठेच नाही, हे मला सांगावं लागलं. मी आकडेमोड पुन्हा केली, दोन्ही प्रणालींत केली. ती इथे देतो, कारण माझं मत आकड्यांनी बदललं आहे.

दुकानाचा निव्वळ नफा १८ लाख. २०२५ च्या अर्थसंकल्पाने ठरवलेल्या दरांनी नव्या प्रणालीत त्यावर १,६०,००० रुपये कर, आणि ४ टक्के उपकर धरून १,६६,४०० रुपये. तेवढाच नफा असलेल्या, घरात कुणी आजारी नसलेल्या शेजारच्या गाळ्यातल्या व्यापाऱ्यालाही १,६६,४०० रुपयेच. शेठच्या हातात उपचारानंतर ११ लाख उरले. ज्याची कमाईच ११ लाख आहे त्याला याच प्रणालीत काही कर पडत नाही, कारण १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर पूर्ण सूट आहे. म्हणजे ११ लाख मिळवणारा शून्य देतो, आणि आजारपणाने ११ लाखांवर आलेला माणूस एक लाख सहासष्ट हजार चारशे देतो. त्यातला ६,४०० रुपयांचा जो उपकर आहे त्याचं नाव आरोग्य आणि शिक्षण उपकर. मी सवलती काढणाऱ्या ज्या स्वच्छ प्रणालीची बाजू घेत आलो, तिच्यातलं हे गणित मला त्या दिवशी शेठच्या तोंडावर समर्थनीय वाटलं नाही, आणि नंतर एकट्याने बसून पाहिलं तेव्हाही वाटलं नाही.

जुनी प्रणाली घ्या, असं कुणी म्हणेल. तीही करून पाहिली. दीड लाखाची गुंतवणूक, विम्याच्या हप्त्याचे २५,०००, आणि विमा नसलेल्या वृद्ध आईच्या औषधपाण्याचे ५०,००० धरले तरी कर २,९६,४०० रुपये येतो. बरोबर एक लाख तीस हजार जास्त. उपचाराची वजावट कायद्यात आहे; पण ती घ्यायला जुन्या प्रणालीच्या दारातून आत जावं लागतं, आणि त्या दाराची फी वजावटीच्या कितीतरी पट आहे.

आणि आत गेल्यावर तरी काय मिळालं असतं? ठरावीक गंभीर आजारांसाठी कलम ८०डीडीबी आहे. कर्करोग, मूत्रपिंड कायमचं निकामी होणं, हिमोफिलिया, थॅलसेमिया, एड्स, आणि पार्किन्सन, स्मृतिभ्रंश यांसारखे मज्जासंस्थेचे काही आजार, तेही अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर. हृदयविकार या यादीत नाही. वजावटीची मर्यादा ४०,००० रुपये. रुग्ण साठीच्या वरचा असेल तर एक लाख. हा चाळीस हजारांचा आकडा २००३ च्या वित्त कायद्यातही होता आणि आजही तोच आहे. त्यातून विम्याचे किंवा मालकाकडून मिळालेले पैसे वजा होतात, आणि ते वजा होतात ते एकूण खर्चातून नाही, तर मिळणाऱ्या वजावटीतून. शेठना विम्याचे तीन लाख मिळाले. चाळीस हजारांतून तीन लाख वजा केले की उरतं शून्य. सात लाख खिशातून गेले, पण कायद्याच्या नजरेत त्यांना विमा मिळाला, विषय संपला. मी हे कलम अनेकदा वापरलं होतं, पण त्याचा हा शेवट इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता.

जे लोक या कलमाला फुकटची खैरात समजतात त्यांच्यासाठी आणखी एक गोष्ट. २०१५ पर्यंत या वजावटीला सरकारी रुग्णालयातल्या तज्ज्ञाचाच दाखला लागे. उपचार खासगीत, दाखल्यासाठी रांग सरकारीत. २०१५ मध्ये ती अट गेली, तज्ज्ञ डॉक्टरची चिठ्ठी चालू लागली. तिच्यावर रुग्णाचं नाव, वय, आजाराचं नाव, डॉक्टरची पदवी आणि नोंदणी क्रमांक हवा. हा बदल चांगला होता. पण चाळीस हजारांवर सर्वोच्च दराने १२,४८० रुपये वाचतात. वीस टक्क्यांच्या टप्प्यातला माणूस असेल तर ८,३२०. आजार तोच, औषध तेच, बिलही तेवढंच. ज्याचं उत्पन्न कमी त्याला मदतही कमी. याही रचनेचं समर्थन मी करणार नाही.

माझं मत हलवणारी यापेक्षाही मोठी गोष्ट वेगळी आहे. नवी प्रणाली सगळ्या सवलतींपासून मुक्त आहे असं मी सांगत असे. उपचाराच्या बाबतीत ते खरं नाही. नोकरदाराच्या उपचाराचा खर्च मालकाने केला, तर सरकारी रुग्णालयात, मालकाच्या स्वतःच्या रुग्णालयात, किंवा आयकर खात्याने मान्यता दिलेल्या रुग्णालयात ठरावीक आजारांवर झालेला खर्च नोकरदाराच्या उत्पन्नात धरला जात नाही. रकमेला मर्यादा नाही. कर्करोग त्या आजारांत आहे. मालकाने भरलेला गट विम्याचा हप्ताही धरला जात नाही. हे नव्या प्रणालीतही तसंच आहे. शिवाय मालकाला तो खर्च धंद्याचा खर्च म्हणून वजा मिळतो.

यात गैर काही नाही. उपचाराला मिळालेल्या पैशावर कर लावणं निर्दयपणाच ठरेल. पण मग शेठचे चुलत भाऊ, जे पुण्यात एका मोठ्या कंपनीत आहेत, त्यांच्या घरी हाच आजार निघता तर? गट विमा मोठा, वरचा खर्च कंपनीने उचलला तर तोही करमुक्त. अडत दुकानदार, पंपांची एजन्सी चालवणारा, शिकवणी घेणारी बाई, निवृत्त प्राध्यापक, लहान कंपनीतला कारकून, यांच्यासाठी मात्र प्रणाली ‘सोपी’. दोन ट्रक चालवणाऱ्या माझ्या एका अशिलाने इंजिन उतरवून पूर्ण काम केलं तर ते वजा मिळतं, गाडी चालवणाऱ्या त्याच्या स्वतःच्या छातीत झडप बसवली तर नाही. आणि तोच एखाद्या बड्या कंपनीचा चालक असता तर कंपनीने बसवलेली झडप करमुक्त ठरली असती. शांतिभूषण यांचा युक्तिवाद लोकांना हसवायला मी आता वापरत नाही.

करोनाच्या काळात हीच विषमता सरकारच्या नजरेत आली होती असं म्हणता येईल, पण अर्धीच. जून २०२१ मध्ये जाहीर झालं की करोनाच्या उपचारासाठी मालकाने किंवा इतर कुणीही दिलेले पैसे घेणाऱ्याच्या हातात करपात्र होणार नाहीत, आणि मृत्यू झाल्यास मालकाने कुटुंबाला दिलेली मदतही नाही. नंतर ते कायद्यात आलं. योग्यच होतं. पण ज्याला कुणी दिले नाहीत, ज्याने ठेव मोडून ऑक्सिजनच्या खाटेचे पैसे स्वतः भरले, त्याला त्या खर्चाबद्दल काहीही मिळालं नाही. ज्याच्यामागे कुणी उभं होतं त्याच्यासाठी कायदा वाकला.

नेहमीची वाट म्हणजे विमा घ्या. मीही तेच सांगतो आणि सांगत राहीन. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला, त्याने हप्ता हलका झाला. जुन्या प्रणालीतलं कलम ८०डीही मुख्यतः हप्त्यासाठीच आहे. विमा नसलेल्या साठीपुढच्या माणसाच्या प्रत्यक्ष औषधोपचारासाठी त्यात ५०,००० रुपये मिळतात, पण ती सोय वयाने बांधलेली. वहिनींचं वय पंचेचाळीस. आता त्यांना नवी मोठी पॉलिसी कोण देणार? हप्त्याला मदत करणारा कायदा विमा विकत घेऊ शकणाऱ्या निरोगी माणसाला मदत करतो. आजार आल्यावर ज्याचा विमा पुरत नाही किंवा ज्याला विमा मिळतच नाही, त्याच्याशी या कायद्याचं काही बोलणं नाही.

माझ्या नव्या मताला दोन मोठे आक्षेप आहेत आणि दोन्ही मी स्वतःच पूर्वी घेत असे.

पहिला आक्षेप: आयकरातली कुठलीही सवलत आयकर भरणाऱ्यालाच मिळते, गरिबाचं काय? २०२१-२२ साली देशातल्या एकूण आरोग्यखर्चाचा ३९.४ टक्के भाग लोकांनी स्वतःच्या खिशातून भरला. त्यातले बहुसंख्य लोक आयकर भरतच नाहीत. त्यांच्यासाठी उत्तर आयकरात नाही, महात्मा फुले जनआरोग्य योजनेसारख्या योजनेत आहे, आणि ती कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत वाढली हे मी महाराष्ट्रातल्या अलीकडच्या चांगल्या निर्णयांत धरतो. शेठच्या घरी ती का चालली नाही असं कुणी विचारेल. योजनेत रुग्णालयांची यादी असते, उपचारांची यादी असते, पॅकेज ठरलेलं असतं. वहिनींना दिलेलं इंजेक्शन त्यात बसत नव्हतं. पण गरिबाला योजना हवी म्हणून मध्यमवर्गीयाच्या कराचा हिशेब चुकीच्या पायावर करावा, हे त्यातून निघत नाही. जनआरोग्य योजनेला पैसा लागतो तो कररूपानेच येतो, हे खरं. तो वहिनींच्या पाटल्यांतून यावा असं मला वाटत नाही.

दुसरा आक्षेप खोट्या बिलांचा. हा मी हलका लेखणार नाही. जुलै २०२५ मध्ये आयकर खात्याने देशभर खोट्या वजावटींची शोधमोहीम काढली, तेव्हा गैरवापर झालेल्या कलमांत ८०डी आणि ८०डीडीबी दोन्ही होती. परतावा मिळवून देतो म्हणून टक्केवारी घेणारे दलाल आमच्या धंद्याला कलंक आहेत. पण पंधरा हजारांच्या सुटीत बिल कुणीही, कुठल्याही दुकानातून आणत असे. मोठ्या आजाराचा खर्च तसा नसतो. तो रुग्णालयात होतो, त्याला पॅन असतो, पैसे बँकेतून किंवा यूपीआयने जातात, घरी येताना डिस्चार्ज कार्ड मिळतं. बँकेने दिलेलं व्याज आज करदात्याच्या वार्षिक माहिती विवरणात आपोआप दिसतं. एका रकमेच्या वरची रुग्णालयाची बिलं त्याच विवरणात दिसायला अडचण नाही. जे तिथे दिसेल तेवढंच धरा, रोखीचं धरू नका. वर्षाला पाच हजारांची तपासणी, सर्दी-खोकल्याची औषधं, चष्मा, यांच्या बिलांवर कर वाचवण्याची सोय मला आजही नको आहे. तिथे माझं जुनं मत जसंच्या तसं आहे.

किरकोळ आणि मोठा यांतली रेषा कशी ओढायची, याचं उत्तर मला एका अशिलाच्या मुलीच्या विवरणपत्रात मिळालं. ती स्टुटगार्टला अभियंता आहे. भारतातल्या भाड्याच्या उत्पन्नासाठी तिचं काम माझ्याकडे. जर्मनीत उपचारखर्चाचा ठरावीक भाग माणसाने सोसायचा असं कायदाच सांगतो. उत्पन्न, लग्न आणि मुलं यांवरून तो उत्पन्नाच्या १ ते ७ टक्के ठरतो, त्याच्या वरचा खर्च करपात्र उत्पन्नातून जातो. अमेरिकेत ही वजावट १९४२ पासून, युद्धाच्या काळात कर वाढवताना आणलेली. तिथे आज उत्पन्नाच्या साडेसात टक्क्यांवरचा खर्च धरतात, अर्थात ज्याने सरसकट वजावट सोडली आहे त्यालाच. वरून मर्यादा घालण्याऐवजी खालून उंबरठा घालायचा, ही कल्पना मला पटली. आपल्याकडे उलट आहे: पहिले चाळीस हजार धरायचे आणि माणूस बुडू लागला की हात काढून घ्यायचा.

भारताच्याच कायद्यातली एक तरतूद मात्र मला फार नीट बेतलेली वाटते. अवलंबून असलेल्या अपंग व्यक्तीसाठी जुन्या प्रणालीत ७५,००० आणि तीव्र अपंगत्व असेल तर १,२५,००० रुपयांची ठरावीक वजावट आहे, प्रत्यक्ष खर्च कितीही असो. बिलं मागितली जात नाहीत, प्रमाणपत्र मागितलं जातं. घरात असं मूल वाढवणाऱ्या आई-बापांना पावत्या जपत बसावं लागू नये, हे कायदा लिहिणाऱ्या कुणाच्या तरी मनात होतं. नव्या प्रणालीत तीही नाही. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, ही विभागणी मात्र कायम आहे.

आमच्या भागातले आम्ही काही करसल्लागार अर्थसंकल्पापूर्वी पाठवायचं एक निवेदन तयार करत आहोत. माझा मसुदा असा: दोन्ही प्रणालींत, उत्पन्नाच्या पाच टक्क्यांवर गेलेला, विमा आणि मदत वजा करून राहिलेला उपचारखर्च धरावा, त्याच्या २० टक्के रक्कम थेट करातून कमी करावी, म्हणजे कमी उत्पन्नाच्या माणसाला रुपयामागे कमी मिळणार नाही, आणि आजारपणात दुकान बंद राहून उत्पन्न घटतं, कर कमी असतो, म्हणून उरलेली सूट पुढची तीन वर्षं वापरता यावी. शेठच्या हिशेबात पाच टक्के म्हणजे ९०,०००. वरचे ६,१०,०००. त्यांचे २० टक्के १,२२,०००. कर मग चव्वेचाळीस हजारांच्या आसपास राहतो. शून्य होत नाही, आणि व्हावा असं माझं म्हणणंही नाही.

पाच टक्के की साडेसात, यावर आमच्यात वाद आहे, तो मिटेल. न मिटणारा वाद वहिनींच्या वहीतल्या एका नोंदीवरून सुरू झाला. केमोच्या दिवसांत त्यांच्याजवळ बसायला, आंघोळ घालायला, उलटीचं भांडं धरायला एक मावशी ठेवल्या होत्या. त्यांचा महिन्याचा पगार वहीत आहे, पण त्याचं बिल नाही, पॅन नाही, आणि तो रोखीनेच दिलेला. एक सहकारी म्हणतात, जे विवरणात दिसत नाही ते धरायचं नाही, नाहीतर पंधरा हजारांचा जुना बाजार पुन्हा भरेल. त्यांचं म्हणणं मला समजतं. कालपर्यंत ते माझंच होतं. माझं म्हणणं, डॉक्टरने लिहून दिलं असेल तर अपंगांच्या वजावटीसारखी एक ठरावीक रक्कम बिलाशिवाय द्यावी. निवेदनात सध्या हा मुद्दा दोन्ही पर्यायांसह ठेवला आहे.